खरी ऑक्सिजन-टंचाई की नुसता भास? डीएनए-हानी मोजण्यासाठी हायपॉक्सियाची पद्धत निवडताना

ट्यूमरच्या पेशींवर किरणांचा मारा करून ऑक्सिजनमुळे डीएनएची हानी किती वाढते हे मोजायचं असेल, तर उपकरणाच्या आधी प्रश्न ठरवा: ऑक्सिजन खरोखर काढायचा आहे, की तो कमी झाल्याचं पेशीला भासवायचं आहे? दोन्हीला सर्रास हायपॉक्सियाच (ऑक्सिजनची टंचाई) म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

किरणांमुळे डीएनएवर मुक्तमूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेली अतिक्रियाशील ठिकाणं) तयार होतात. पेशीतली ग्लुटाथायोनसारखी थायॉल (गंधकयुक्त) संयुगं हायड्रोजन देऊन ते बुजवू पाहतात. ऑक्सिजन आधी पोचला तर पेरॉक्सिल मूलक बनतो आणि जखम पक्की होते. ही शर्यत मिलिसेकंदांत संपते, म्हणून मारा चालू असतानाचा ऑक्सिजनच मोलाचा. तेवढ्याच हानीसाठी ऑक्सिजनविना आणि ऑक्सिजनसह लागणाऱ्या मात्रांचं गुणोत्तर क्ष-किरणांसाठी साधारण २.५ ते ३ येतं. हवेत ४ ग्रे (किरणमात्रेचं एकक) जे करतात त्याला ऑक्सिजन नसताना १० ते १२ ग्रे लागतात. पण हा परिणाम सरळ रेषेत चढत नाही. सुमारे ३ मिमी पारा दाबाला (जेमतेम ०.४ टक्के) निम्मा परिणाम मिळून जातो आणि २० ते ३० मिमीनंतर फारशी भर पडत नाही. नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये दाब १४० मिमीच्या आसपास असतो. चेंबर १ टक्क्यावर लावून तिप्पट फरक शोधणाऱ्याच्या हाती म्हणूनच जेमतेम सव्वापटीचा फरक लागतो.

रासायनिक मार्ग. कोबाल्ट क्लोराइड किंवा डेफेरॉक्सामिन, साधारण १०० मायक्रोमोलर. स्वस्त, सोपा, आणि या प्रश्नासाठी निरुपयोगी. ही रसायनं एचआयएफ-१ अल्फा (ऑक्सिजन घटल्यावर पेशीत साचणारं संकेत-प्रथिन) टिकवून धरतात, पण पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्या माध्यमातला ऑक्सिजन जागच्या जागी राहतो. जखम पक्की करणारा रेणू हजरच असतो. शिवाय कोबाल्ट स्वतःच ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतो. एचआयएफचे संकेत अभ्यासायचे असतील तरच हा मार्ग घ्या. ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटालेज या विकरांची जोडी ऑक्सिजन खरोखर खाते, मात्र कॅटालेज कमी पडलं की हायड्रोजन पेरॉक्साइड साचून किरणांविनाच डीएनए तुटतो.

बंद चेंबर. बहुतेकांनी हाच निवडावा. ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडायचा, झडपा बंद करायच्या आणि डबा तसाच किरणांखाली ठेवायचा. फसतं ते तीन ठिकाणी. पहिलं, पॉलिस्टायरीनच्या डिशमध्ये मुरलेला ऑक्सिजन तासन्‌तास झिरपत राहतो. म्हणून अतिकमी पातळीसाठी काचेच्या डिश घ्या. प्लास्टिकच वापरायचं तर ते आणि माध्यम आदल्या दिवशीच चेंबरमध्ये ठेवा आणि तासाभराने पुन्हा वायू सोडा. दुसरं, माध्यमाची खोली. विसरणाचा वेळ खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २ मिमीऐवजी ४ मिमी थर म्हणजे चौपट वाट पाहणं. तिसरं, सिलिकॉनची नळी: ती ऑक्सिजन बिनदिक्कत आत घेते, धातूची नळी वापरा. चेंबरच्या हवेतला आकडाही पुरेसा नाही. पेशी दाट असतील तर श्वसनामुळे त्यांच्यापाशी ऑक्सिजन बराच कमी असतो, तेव्हा प्रकाशीय संवेदक डिशच्या तळाशीच लावा.

हायपॉक्सिया वर्कस्टेशन. पेशी २४ तास किंवा जास्त टंचाईत ठेवून, हवा न लागू देता माध्यम बदलायचं असेल तर याला पर्याय नाही. पण बहुधा किरणयंत्र बाहेर असतं, म्हणजे नेण्यासाठी बंद डबा लागतोच. आणि दीर्घ टंचाईत आरएडी५१ हे दुरुस्तीचं प्रथिन घटतं, समरूप पुनर्संयोजनाने (डीएनएच्या जुळ्या प्रतीचा नमुना वापरून) होणारी दुरुस्ती मंदावते. अशा पेशी अल्पकाळ टंचाईतल्या पेशींपेक्षा किरणांना जास्त बळी पडू शकतात. दोन्हींचे आकडे एकाच आलेखात मिसळू नका.

मोजमाप निवडतानाही हाच विवेक हवा. १ ग्रेला पेशीमागे सुमारे १००० एकेरी आणि ३० ते ४० दुहेरी तुटी (डीएनएचा एक किंवा दोन्ही धागे तुटणं) होतात. अल्कलाइन कॉमेट चाचणीत (तुटलेला डीएनए विद्युत क्षेत्रात धूमकेतूच्या शेपटीसारखा पसरतो) मुख्यतः एकेरी तुटी दिसतात आणि फरक झटपट कळतो. नमुने मात्र लगेच बर्फावर हवेत. गॅमा-एच२एएक्सचे (दुहेरी तुटीजवळ बदललेल्या प्रथिनाचे) ठिपके साधारण अर्ध्या तासाने शिखर गाठतात, पण जास्त मात्रेला एकमेकांत मिसळून मोजता येत नाहीत, आणि जवळपास शून्य ऑक्सिजनला डीएनएची प्रत बनवताना येणाऱ्या अडथळ्यांमुळे (प्रतिकृतीच्या ताणामुळे) किरणांविनाही हा संकेत उठतो. टंचाईतला पण मारा न केलेला नमुना यासाठीच लागतो. पेशी जगून वाढत राहते का हे विचारायचं असेल तर वसाहत-चाचणी (एका पेशीपासून वसाहत होते का हे पाहणं): १० ते १४ दिवस, ५० पेशींवरच्याच वसाहती मोजायच्या.

हवेतला तुलना-नमुनाही त्याच काचेत, त्याच डब्यात, ९५ टक्के हवा आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडून घ्या. किलोव्होल्ट क्ष-किरणांत काचेतून सुटणारे दुय्यम इलेक्ट्रॉन काचेला चिकटलेल्या पेशींची मात्रा वाढवतात. एक नमुना प्लास्टिकवर आणि दुसरा काचेवर असला, तर तो फरक ऑक्सिजनच्या खात्यावर जमा होतो.