पिस्तूल खाली घ्यायला शिकले: मनाच्या सरावाचे आठ महिने

आधी माझी लायकी सांगते, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. वय ४३, नोकरी बँकेत, राहणं कोल्हापुरात. दहा मीटर एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावरच्या पिस्तुलाची नेमबाजी, चार वर्षांपासून खेळते. खरं तर लेकीला नेमबाजीच्या रेंजवर सोडायला जायचे. तिने सहा महिन्यांत नाद सोडला आणि मला लागला. शेजारच्या लेनवरची पोरं मला काकू म्हणतात आणि बिनदिक्कत हरवतात.

दुखणं असं होतं: सरावात ६० शॉटना ६०० पैकी ५५०-५५५ गुण, आणि मॅचला ५३०च्या आसपास. पिस्तूल तेच, पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) तेच, अंतर तेच. रेंजवर शिकवणाऱ्या सरांनी ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, घासून पाहिली, उभं राहायचा कोन बदलून पाहिला, वर्षभर काही ना काही केलं. शेवटी म्हणाले, "ताई, हातात काही बिघाड नाही. वरच्या मजल्यावर बघा."

म्हणून दिवाळीनंतर चार गोष्टी एकदम सुरू केल्या. खेळाडूंसोबत काम करणाऱ्या एका मानसतज्ज्ञ मॅडमची ऑनलाइन सत्रं (पंधरा दिवसांतून एक, पाऊण तास, दर सत्राला १,५०० रुपये), ध्यानाचं एक ॲप, छातीला बांधायचा हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, आणि एक दोनशे पानी वही.

ॲपचं दोन ओळींत आटोपते. इंग्रजीतला एक मऊ आवाज रोज मला समुद्रकिनारी नेऊन बसवायचा. रंकाळा असता तर एक वेळ बसले असते. तिसऱ्या आठवड्यात काढून टाकलं, आणि वर्षाची वर्गणी आपोआप पुन्हा कापली जाणार नाही ना, हे बघण्यातच जास्त ध्यान लागलं.

पट्ट्याने मात्र एकदा डोळे उघडले. रेंजवर महिनाअखेरीला आम्ही आपापसात मॅच लावतो, तेव्हा तो बांधला. एरवी उभ्या उभ्या ८५ असणारे ठोके पहिल्या साइटरलाच (गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या सराव शॉटला) १२८. म्हणजे घाबरते हे खरंच होतं, माझ्या मनाचे खेळ नव्हते. श्वास सावकाश सोडला की ठोके उतरतात, हेही आकड्यात दिसलं. श्वास आत घेताना ठोके थोडे वाढतात, सोडताना कमी होतात. शरीराची ती रीतच आहे, त्यामुळे सोडणं लांबवलं की फायदा. पण पुढे पुढे मी टार्गेटपेक्षा ठोक्यांकडेच बघायला लागले. पट्टा आता कपाटात आहे.

ठोक्यांवरून एक सांगून ठेवते, कारण रेंजवर हा सल्ला मला फुकटात मिळाला होता: "बीपीची एक गोळी घ्या, हात हलायचा नाही." बीटा ब्लॉकर जातीची ही औषधं नेमबाजीत बंदी असलेल्या यादीत आहेत, मॅचमध्येही आणि एरवीही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सू याची पिस्तुलातली दोन पदकं याच जातीच्या प्रोप्रानोलोलमुळे काढून घेतली गेली. ज्यांना डॉक्टरांनीच अशी गोळी दिली आहे त्यांनी ती मनाने बंद करू नये, पण अधिकृत स्पर्धेत उतरण्याआधी डॉक्टरांशी आणि संघटनेशी बोलावं.

आता सत्रांकडे. पहिली तीन कंटाळवाणी होती. मला वाटलं होतं, जोशपूर्ण काहीतरी ऐकायला मिळेल. त्याऐवजी झोप किती, जेवण काय, मॅचच्या आदल्या दिवशी घरात कोण काय बोलतं, असल्या चौकशा. नवरा म्हणाला, "पंधराशे रुपयांत हे मीच विचारलं असतं."

चौथ्या सत्रात त्यांनी विचारलं, "एक शॉट मला सांगा. पिस्तूल उचलल्यापासून खाली ठेवेपर्यंत, काय काय होतं?" मी तिसऱ्या पायरीलाच अडकले. चार वर्षांत हजारो शॉट मारले आणि एक धड सांगता येईना! मग वहीत तो शॉट लिहून काढायचा गृहपाठ. तीन आठवडे गेले त्यात. पाय, पकड, श्वास, हात वर, काळ्या गोलाच्या खाली येऊन थांबणं, नजर पुढच्या साइटवर (नळीच्या टोकाशी नेम धरायची खूण), बोट, आणि गोळी गेल्यावरही क्षणभर तसंच उभं राहणं. प्रत्येक टप्प्याला मनातल्या मनात म्हणायचा एकच शब्द. मी पोरांचं ऐकून 'फोकस', 'रिलॅक्स' लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "घरी दुधाचं पातेलं भरलेलं नेताना स्वतःला काय सांगता?" तर 'सावकाश'. तेव्हापासून माझे शब्द असे आहेत: 'जड' (खांद्यासाठी), 'काडी' (पुढची साइट मला काडीसारखी दिसते), 'येऊ दे' (ट्रिगरसाठी).

'नऊ नको', 'घाई नको' हे मनातही म्हणायचं नाही. औषध घेताना माकड आठवू नका म्हटलं की माकडच आठवतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग करून तेच दाखवलं. अस्वलाचा विचार टाळायला सांगितलेल्यांच्या मनात अस्वल येतच राहिलं. माझं अस्वल सात गुणांचं होतं.

आणि मग तो प्रश्न, ज्याच्यासाठी मी हा सगळा अनुभव लिहितेय. "मॅचमध्ये गोळी न मारता पिस्तूल किती वेळा खाली घेता?"

एकदाही नाही. सरावात दहा-बारा वेळा घेते, मॅचमध्ये शून्य. का, ते विचार करता करता कळलं. मागे खुर्च्यांवर माणसं बसलेली असतात. हात वर नेऊन पुन्हा खाली आणला तर 'बाई घाबरली' असं त्यांना दिसेल, ही लाज. त्या लाजेपायी मी डगमगता हात तसाच धरून ठेवायचे आणि शेवटी ट्रिगर ओढून टाकायचे. हात वर गेल्यावर पहिल्या काही सेकंदांत काय ते चांगलं होतं. मग डोळा थकतो, दम अडकतो, थरथर वाढते. माझे सगळे सात आणि सहा तिथले होते.

त्यांनी हिशेब मांडायला लावला. बँकवालीला हिशेब सांगितला की पटतं. ६० शॉटना ७५ मिनिटं. माझा एक शॉट, पेलेट भरण्यासकट, ४० सेकंदांचा. म्हणजे ४० मिनिटांत काम संपतं आणि ३५ मिनिटं उरतात. इतकी शिल्लक असून मी ओव्हरड्राफ्ट काढल्यासारखी पळत होते.

मग सराव बदलला. दर पाचवा शॉट, कितीही छान जमला असला तरी, न मारता खाली घ्यायचा. आठवड्यात एक दिवस पेलेटच भरायचा नाही, नुसता हात वर, खाली. सर म्हणाले, "चला, पेलेटचा खर्च वाचला." हाताने ते पंधरा दिवसांत शिकून घेतलं, पण लाज जायला चार महिने लागले. वहीत गुण लिहिणं मी बंदच केलं आणि फक्त मॅचमध्ये पिस्तूल किती वेळा खाली घेतलं ते लिहायला लागले. पहिल्या चार महिनाअखेरी अशा आहेत: ०, २, ५, ११.

मधल्या काळात मी अमेरिकेचा रायफल नेमबाज मॅथ्यू एमन्सबद्दल वाचलं. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण हातात असताना त्याने शेवटची गोळी शेजारच्याच्या टार्गेटवर मारली आणि तो आठवा आला. २००८ मध्ये पुन्हा शेवटच्या गोळीला, रायफल जागेवर येण्याआधीच ट्रिगरला बोट लागलं. ४.४ गुण, चौथा नंबर. तरी २०१२ ला लंडनमध्ये उभा राहिला आणि ब्राँझ घेतलं, तिथेही शेवटचा शॉट ७.६ चा! आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये दोन शूट-ऑफनंतर (बरोबरी फोडायला पुन्हा मारायचे शॉट) सुवर्ण घेतलं, ते मी पूर्वी 'भीतीच नसेल तिला' असं म्हणून बघितलं होतं. आता तसं वाटत नाही.

काय जमलं नाही, तेही सांगते. डोळे मिटून मॅच बघायची कल्पना माझ्याकडून झालीच नाही. माझ्या कल्पनेतही गोळी सातलाच जाते. शेवटी टार्गेट न बघता फक्त हाताचं वजन आठवायचं, एवढ्यावर तडजोड झाली. मार्चएंडला तीन आठवडे रेंजला गेले नाही, दोन सत्रं बुडाली, आणि एप्रिलच्या मॅचमध्ये खाली घेण्याचा आकडा ११ वरून ३ वर. म्हणजे हे पोहण्यासारखं एकदा आलं की आलं, असं नाही. आणि सरावातले गुण? होते तिथेच, ५५३ वगैरे. ज्याची पकड किंवा ट्रिगरच चुकतोय त्याने आधी सरांकडे जावं, मानसतज्ज्ञाकडे नंतर.

मॅचचे गुण मात्र ५३० वरून ५४० च्या आसपास आले. दहा गुणांसाठी वीस हजारांच्या वर. नवऱ्याने भागाकार करून दाखवला आहे.

मुलांसाठी अशी सत्रं घ्यावीत का, असं दोन पालकांनी विचारलं. घ्या, पण माझ्या शेजारच्या लेनवर एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे, त्याचे वडील प्रत्येक शॉटनंतर मागून हाताने खुणा करतात. त्याच्या बाबतीत पहिलं सत्र वडिलांचं लावावं लागेल.

परवाच्या मॅचला पहिली सिरीज, म्हणजे पहिले दहा शॉट, ८४ ची गेली. पूर्वी तिथेच माझा दिवस संपायचा. परवा चहाची आठवण काढत उरलेले पन्नास नीट मारले. साठाव्या शॉटला चार वेळा पिस्तूल खाली घेतलं. मागून कुणीतरी हसलं. शेजारचा तो मुलगा आपलं आटपून माझ्याकडे बघत उभा होता. पाचव्यांदा 'काडी' म्हटलं आणि गेला एकदाचा. आठ आला.

"काकू, मला वाटलं झोप लागली तुम्हाला," तो म्हणाला. घरी येऊन वहीत लिहिलं: १४.