रूट केलेल्या फोनमधल्या मेमरी कार्डचे दोन भाग: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी मांडणी सांगतो. २५६ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड, त्यावर दोन पार्टिशन, म्हणजे स्वतंत्र भाग. पहिले १६ जीबीचे फॅट३२, उरलेली सगळी जागा ईएक्सटी४ (या दोन्ही फाइलसिस्टिम, म्हणजे फायली मांडण्याच्या पद्धती; दुसरी लिनक्सची). पहिला भाग अँड्रॉइड स्वतःच माउंट करते (वापरासाठी जोडून घेते), दुसरा आपली स्क्रिप्ट माउंट करते आणि फोनमधले डीसीआयएम (कॅमेऱ्याचे फोटो), डाउनलोड आणि म्युझिक हे फोल्डर त्याला जोडते. फोन अँड्रॉइड १३ वर, कर्नल (प्रणालीचा गाभा) ४.१९, रूटसाठी, म्हणजे फोनवर पूर्ण ताबा मिळवण्यासाठी, मॅजिस्क हे साधन. कित्येक महिने रोज वापरून ही मांडणी पक्की झाली आहे. तिच्या मर्यादाही आता स्पष्ट दिसतात. फॉरमॅट करणे हा यातला सर्वात सोपा भाग आहे. वेळ जातो तो अँड्रॉइडला कार्डावरचे काय दिसते आणि कोणत्या ॲपला कोणते माउंट दिसते, हे जुळवण्यात.

सरळ एक्सफॅट, म्हणजे मोठ्या कार्डांवर नेहमी असणारी फाइलसिस्टिम, का नाही? ज्यांना फक्त सिनेमे आणि गाणी ठेवायची आहेत त्यांनी एक्सफॅटच ठेवावे, हे सगळे करण्याची गरज नाही. पण ३२ जीबीच्या पुढच्या कार्डांवर एक्सफॅटचा क्लस्टर (जागावाटपाचा सर्वात छोटा तुकडा) बहुधा १२८ केबीचा असतो. २० केबीच्या दहा हजार लहान फायली असतील तर त्या २०० एमबीऐवजी सव्वा जीबीच्या आसपास जागा अडवतात. शिवाय एक्सफॅटला जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नाही आणि फॅटची, म्हणजे कोणती फाईल कुठे आहे त्या तक्त्याची, नक्कलही सहसा एकच असते. फोन मध्येच बंद पडला तर फोल्डरच्या फोल्डर वाचता न येण्याची शक्यता त्यात जास्त. फॅट३२ मध्ये नकला दोन, पण ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल बसत नाही.

अँड्रॉइड ६ पासून कार्ड आतल्या स्टोरेजचा भाग बनवण्याची सोय आहे. तिच्यातून मी मुद्दाम बाहेर राहिलो. तिची एन्क्रिप्शनची किल्ली फोनच्या डेटा पार्टिशनमध्ये असते. फॅक्टरी रीसेट झाला किंवा रॉम (फोनची प्रणाली) बदलताना डेटा पुसला गेला की किल्ली गेली आणि कार्डावरचा मजकूर कायमचा बंद झाला. रूट करणारा माणूस डेटा पुसतोच, आज ना उद्या.

आता मुख्य गोष्ट. कार्ड ओळखणे आणि माउंट करणे हे काम व्होल्ड नावाची सेवा करते. मूळ अँड्रॉइडमधल्या व्होल्डला सार्वजनिक, म्हणजे आतल्या स्टोरेजचा भाग न बनवलेल्या, कार्डावर फॅट कळते, कर्नलमध्ये सोय असेल तर एक्सफॅट कळते, ईएक्सटी४ कळत नाही. लिनिएजसारखे काही रॉम ते चालवून घेतात, पण त्यावर विसंबू नये. अख्खे कार्ड ईएक्सटी४ केले की व्होल्डला एकही ओळखीचा भाग सापडत नाही, आणि ‘हे कार्ड चालत नाही, सेट अप करा’ अशी सूचना दर वेळी येते. त्या सूचनेवर बोट पडले तर दोन पायऱ्यांत कार्ड फॉरमॅट होते. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती फोन गेला तर हा धोका खरा आहे.

पार्टिशनचा प्रकार नीट लिहिला तर ही अडचण मुळातच राहत नाही. व्होल्ड पार्टिशन टेबल (कार्डावरच्या भागांची यादी) वाचताना प्रकार पाहतो. जीपीटी पद्धतीच्या टेबलात ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा’ असा प्रकार असेल तर तो भाग स्वतःकडे घेतो. ‘लिनक्स फाइलसिस्टिम’ असेल तर काही न बोलता सोडून देतो. पहिला छोटा भाग त्याला ओळखीचा मिळाला की सूचना येत नाही, आणि दुसऱ्या भागाला तो हात लावत नाही. विंडोजवरही याचा फायदा आहे. लिनक्स प्रकारच्या भागाला विंडोज ड्राइव्हचे अक्षर देत नाही, त्यामुळे ‘फॉरमॅट करायचे का’ हा प्रश्न तिथेही येत नाही. एवढ्या एका कारणासाठी १६ जीबी वेगळे काढणे योग्य वाटते. शिवाय दुसऱ्याच्या संगणकावर फायली न्यायला तो भाग उपयोगी पडतोच.

पार्टिशन करण्याआधी डिस्कचे नाव दोनदा तपासा, यात कुचराई नको. ईएमएमसी (आतल्या मेमरीचा जुना प्रकार) असलेल्या फोनमध्ये ‘एमएमसीबीएलके०’ म्हणजे आतली मेमरी आणि ‘एमएमसीबीएलके१’ म्हणजे कार्ड. यूएफएस (नवा, वेगवान प्रकार) असलेल्या फोनमध्ये मात्र बहुधा कार्डच ‘एमएमसीबीएलके०’ होते, आणि ‘एसडीए’, ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ ही आतल्या मेमरीची नावे असतात. संगणकावरच्या सवयीने पेन ड्राइव्हला एसडीए समजून फॉरमॅट केले तर बूटलोडर, मोडेमची माहिती, आयएमईआय असलेले पार्टिशन, काहीही जाऊ शकते, आणि ते परत आणणे बहुतेकांच्या हातात नसते. म्हणून आधी टर्मिनलमध्ये ‘एसएम लिस्ट-डिस्क्स’ ही कमांड चालवा. ‘डिस्क:१७९,…’ असे आले तर एमएमसी घराण्यातले कार्ड, ‘डिस्क:८,…’ आले तर यूएसबीवरचे. स्वल्पविरामानंतरच्या आकड्यावरून नाव काढता येते: यूएसबी डिस्कला प्रत्येकी १६ क्रमांक मिळतात, म्हणजे ८,९६ ही ‘एसडीजी’. मग सिस/ब्लॉक खाली त्या नावाच्या फोल्डरमधली डिव्हाइस/टाइप फाईल वाचा. कार्ड असेल तर ‘एसडी’ येते, आतली मेमरी असेल तर ‘एमएमसी’. शेवटी प्रॉक/पार्टिशन्स मधला आकार बघा. तो एक केबीच्या एककात असतो, त्यामुळे २५६ जीबीच्या कार्डासमोर साधारण २५ कोटींचा आकडा दिसायला हवा. तिन्ही जुळले तरच पुढे.

विभागणीसाठी वेगळे काही बसवावे लागत नाही, एसजीडिस्क ही विभागणीची कमांड अँड्रॉइडमध्येच आहे, कारण व्होल्ड स्वतः तेच वापरतो. आधी ‘एसएम अनमाउंट’ने सार्वजनिक भाग सोडवून घ्या, नाहीतर कर्नल जुनेच टेबल धरून बसते. मग जुने टेबल पुसा, अलाइनमेंट (भाग ज्या पटीतल्या जागी सुरू होतात ते माप) ८१९२ सेक्टर म्हणजे ४ एमबी ठेवा, पहिला भाग १६ जीबी व प्रकार ०७०० (मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा), दुसरा उरलेला सगळा व प्रकार ८३०० (लिनक्स फाइलसिस्टिम). पहिल्या भागाला ‘एसएम फॉरमॅट’ आणि व्होल्डने दिलेले नाव एवढे पुरते. भाग लहान असल्याने तो आपोआप फॅट३२ होतो.

दुसऱ्या भागासाठी एमके२एफएस ही ईएक्सटी४ फॉरमॅट करणारी कमांड. इथे दोन मुद्दे विसरू नका. पहिला ‘-एम ०’. हा दिला नाही तर पाच टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी) राखून ठेवली जाते, म्हणजे या कार्डावर सुमारे ११ जीबी विनाकारण अडकतात. दुसरा मुद्दा संगणकावर फॉरमॅट करणाऱ्यांसाठी. २०२३ साली आलेल्या ई२एफएसप्रॉग्ज (याच साधनांचा संच) १.४७ पासून ‘ऑर्फन_फाइल’ आणि ‘मेटाडेटा_सीसम_सीड’ ही वैशिष्ट्ये आपोआप चालू होतात. माउंट होते, पण फोनमधले जुने ई२एफएससीके (फाइलसिस्टिम तपासणारी कमांड) असे पार्टिशन तपासायला नकार देते आणि ‘फीचर_सी१२’ असे काहीतरी म्हणून थांबते. फॉरमॅट करतानाच ही दोन्ही वैशिष्ट्ये बंद करावीत, किंवा सरळ फोनमधल्या एमके२एफएसनेच फॉरमॅट करावे. एफ२एफएस ही फ्लॅश मेमरीसाठीची फाइलसिस्टिमही चालते, पण फोन आणि संगणक यांच्या साधनांच्या आवृत्त्या जुळवत बसावे लागते. जे कार्ड दोन्हीकडे फिरते त्यावर ते नको.

यानंतर बहुतेक जण जिथे अडकतात ती जागा येते. टर्मिनलमध्ये एसयू (रूटचे अधिकार देणारी कमांड) घेऊन माउंट केले, फायली दिसल्या, पण फाइल मॅनेजर उघडले तर फोल्डर रिकामा! अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःचा माउंट नेमस्पेस असतो, म्हणजे कोणती माउंट दिसतात याची वेगळी चौकट. टर्मिनल हेही एक ॲपच आहे, म्हणून तिथे केलेले माउंट तिथल्यापुरतेच राहते. एसयूला ‘-एमएम’ हा पर्याय दिला की काम जागतिक नेमस्पेसमध्ये होते. मॅजिस्कच्या सेटिंगमध्येही माउंट नेमस्पेस ‘ग्लोबल’ करता येतो. स्क्रिप्ट मॅजिस्कच्या सर्व्हिस.डी फोल्डरमध्ये (तिथल्या स्क्रिप्ट बूट होताना आपोआप चालतात) असेल तर ती मुळातच जागतिक नेमस्पेसमध्ये चालते.

माउंट दिसू लागले की परवानग्या. फॅटमध्ये मालकी माउंट करताना ठरते, ईएक्सटी४ मध्ये ती डिस्कवर लिहिलेली असते, आणि नव्या पार्टिशनचा मालक रूट असतो. मुळाशी मालक आणि गट दोन्ही १०२३, म्हणजे मीडिया_आरडब्ल्यू, आणि मोड २७७० ठेवा. पुढचा २ महत्त्वाचा आहे, त्यामुळे नव्या फायलींचा गट १०२३ च राहतो. तो नसेल तर कॅमेऱ्याने काढलेला फोटो दुसऱ्या ॲपला उघडत नाही आणि कारण कळत नाही. मग एसईलिनक्स, म्हणजे कोणत्या ॲपला काय उघडता येईल यावरचा आणखी एक पहारा. माउंट करताना कॉन्टेक्स्ट म्हणून मीडिया_आरडब्ल्यू_डेटा_फाइल हे लेबल द्यावे लागते, नाहीतर रूटला सगळे दिसते आणि ॲपना नकार मिळतो. लॉगमध्ये ‘एव्हीसी डिनाइड’ शोधले की खात्री होते. एसईलिनक्स परमिसिव्ह (फक्त नोंद करणारे, न अडवणारे) करून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो. एका फोल्डरसाठी अख्ख्या फोनचे संरक्षण काढून टाकणे मला मुळीच पटत नाही.

स्क्रिप्टमध्ये क्रम असा ठेवला आहे. बूट पूर्ण झाल्याची प्रॉपर्टी १ होईपर्यंत थांबायचे. मग /डेटा/मीडिया/० खाली ‘अँड्रॉइड’ फोल्डर दिसेपर्यंत थांबायचे. हे दुसरे थांबणे वगळू नका: हा भाग पिन टाकेपर्यंत एन्क्रिप्टेड असतो, फोल्डरांची नावेसुद्धा वाचता येत नाहीत, म्हणून त्याआधी केलेली जोडणी हमखास फसते. त्यानंतर ब्लकआयडीच्या यादीतून यूयूआयडीने (फाइलसिस्टिमच्या ओळखक्रमांकाने) पार्टिशन शोधायचे, ई२एफएससीके ‘-पी’ चालवायचे, एमएनटी/मीडिया_आरडब्ल्यू खाली फोल्डर तयार करायचे (ती जागा रॅममध्ये असते, दर बूटला नव्याने करावी लागते) आणि नोएटाइम, नोस्यूआयडी, नोडेव्ह, नोएक्झेक या पर्यायांसह माउंट करायचे. शेवटी एकेक फोल्डर बाइंड माउंटने (एक फोल्डर दुसऱ्या जागी दाखवणाऱ्या जोडणीने) /डेटा/मीडिया/० मधल्या त्याच नावाच्या फोल्डरवर ठेवायचा. पोस्ट-एफएस-डेटा या बूटच्या सुरुवातीच्या टप्प्यावर यातले काही करू नये, तिथे स्क्रिप्ट अडली तर बूट अडते. ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधल्या डेटा आणि ओबीबी (गेमच्या मोठ्या फायली) यांच्या वाटेलाही जाऊ नये. अँड्रॉइड ११ पासून त्यांची जोडणी आणि गट निराळे आहेत आणि गेम अर्ध्यात बंद पडतात.

रोजच्या वापरात ही मांडणी शांतपणे चालते. गॅलरी, कॅमेरा, म्युझिक प्लेअर यांना फरक कळत नाही. खटकणाऱ्या गोष्टी तीन आहेत. ॲपने मोकळी जागा विचारली की तिला आतल्या स्टोरेजचा आकडा मिळतो; आत २ जीबी उरले असतील तर कार्डावर १०० जीबी असूनही मोठे डाउनलोड नाकारले जाते. दुसरी, तात्पुरती फाईल एका फोल्डरमध्ये उतरवून शेवटी दुसरीकडे सरकवणारी डाउनलोड ॲप्स कधीकधी ‘क्रॉस-डिव्हाइस लिंक’ म्हणून अपयशी ठरतात, कारण दोन फोल्डर आता दोन वेगळ्या फाइलसिस्टिमवर आहेत. ॲपच्या सेटिंगमध्ये तात्पुरता फोल्डरही जोडलेल्या फोल्डरच्या आत दिला की हे थांबते. तिसरी, अँड्रॉइडच्या स्टोरेजमध्ये लहान-मोठ्या लिपीचा (इंग्रजी कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा) भेद नसतो, पण साध्या ईएक्सटी४ मध्ये असतो. संगणकावरून फायली टाकल्या की मोठ्या लिपीतला आणि छोट्या लिपीतला असे एकाच नावाचे दोन फोल्डर होऊ शकतात. रूटने थेट टाकलेल्या फायली गॅलरीत लगेच येत नाहीत, त्यासाठी मीडिया स्कॅन करावा लागतो.

आणि हा भाग एन्क्रिप्टेड नाही. कार्ड काढून कुणीही रीडरमध्ये घातले तर सगळे वाचता येते, म्हणून ओळखपत्रांचे फोटो आणि बँकेची कागदपत्रे जोडलेल्या फोल्डरांत ठेवू नका.

कार्ड विकत घेताना ए२ या वेगाच्या चिन्हावर फार जाऊ नये. ए१ ला सेकंदाला १५०० वाचने आणि ५०० लेखने, ए२ ला ४००० आणि २००० अशी अट आहे खरी, पण ए२ चा पुरा वेग फोनने कमांड क्यू (अनेक आज्ञा एकदम रांगेत लावण्याची सोय) वापरली तरच मिळतो. व्हिडिओसाठी व्ही३०, म्हणजे सेकंदाला सतत ३० एमबी लेखन, हे चिन्ह अधिक कामाचे. नवे कार्ड विभागण्याआधी संगणकावर एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून वाचून बघा. नकली कार्ड खरा आकार लपवते, आणि वरची विभागणी त्यावर बिनतक्रार होते; फायली मात्र मागाहून बिघडतात.

याच पद्धतीने यूएसबी ओटीजीवर (फोनला यूएसबी उपकरण जोडण्याची सोय) हार्ड डिस्कही चालते, पण ती मांडणी कायमची ठेवण्यासारखी वाटत नाही. फिरणारी अडीच इंची डिस्क सुरू होताना एक अँपिअरच्या आसपास ओढते, तेवढे फोन भरवशाने देत नाही. स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब लागतो. काही फोनमध्ये ओटीजीची सोय थोडा वेळ वापर नसेल तर आपोआप बंद होते, आणि त्या क्षणी लिहिणे चालू असेल तर माउंट लटकून राहते. काढताना क्रम उलटा: आधी बाइंड, मग मूळ माउंट, मग ‘एसएम अनमाउंट’ने पहिला भाग. ‘डिव्हाइस बिझी’ आले तर एलएसओएफने कोणते ॲप फाईल धरून आहे ते पाहून ते बंद करा. ‘-एल’ देऊन आळशी अनमाउंट केल्यास फक्त नाव दिसेनासे होते, लिहिणे मागे चालूच असते, आणि तेवढ्यात कार्ड ओढले तर जर्नल असूनही शेवटच्या फायली हाती लागत नाहीत.