रिब बोटीवर इंटेक्स एक्स्प्लोरर के२: खाडीसाठी घ्या, उघड्या समुद्रासाठी नको

रिब बोट, म्हणजे खाली फायबरचा टणक तळ आणि कडेनं हवेच्या जाड ट्यूब, कोकणच्या खाड्यांत एका जागी हमखास अडते: कांदळवनाच्या तोंडाशी. आत पाणी गुडघाभर, त्याखाली चिखल, इंजिनाचा पंखा खाली सोडायला खोली नाही. पुढे जायचं तर रिबवर एखादी छोटी होडी हवी. या कामासाठी इंटेक्सची एक्स्प्लोरर के२ ही दोन माणसांची फुगवायची कयाक कितपत उपयोगी, ते इथे पाहिलं आहे. ही कयाक किनाऱ्यावरून नेऊन वल्हवणं सोपं आहे. रिबवरून न्यायची, उतरवायची आणि परत चढवायची म्हटलं की हिशोब बदलतो.

आधी मापं. फुगवल्यावर लांबी ३.१२ मीटर, रुंदी ९१ सेंटिमीटर, उंची ५१ सेंटिमीटर. कंपनीनं दिलेली वजनाची मर्यादा १८० किलो. सोबत अॅल्युमिनियमची दोन जोडवल्ही, हातपंप, दोन हवेच्या सीट आणि मागे तळाला बसणारी एक काढता येणारी पाती (स्केग) मिळते. हवेचे कप्पे तीन: दोन बाजूंचे आणि एक तळाचा. गुंडाळलेला गठ्ठा वल्ही-पंपासकट साधारण १५ किलोचा होतो आणि पाच-साडेपाच मीटरच्या रिबवर कन्सोलच्या (सुकाणूच्या उभ्या चौकटीच्या) पुढे, सीटखाली किंवा मागच्या बाकाशी सहज बसतो. रिबवाल्याच्या दृष्टीनं या मालाचा सगळ्यात मोठा गुण हाच.

कारण पर्याय आहे तो टणक प्लास्टिकच्या, वर बसून चालवायच्या कयाकचा. तीन मीटरची अशी कयाक २० ते २७ किलोची असते आणि तिला गुंडाळता येत नाही. रिबची रुंदी सव्वादोन-अडीच मीटर. कयाक ट्यूबवर आडवी टाकली तर दोन्ही बाजूंना वीतभर ते हातभर बाहेर राहते, आणि लाट बाहेर आलेल्या टोकाला खालून धक्का देते. उभी ठेवली तर नाळेकडचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडचा, सगळा भाग ती अडवते: नांगराचं झाकण उघडत नाही, चालवणाऱ्याची समोरची नजर कापली जाते. नांगर हाताशी नसणं ही गैरसोय वाटते, पण इंजिन बंद पडून बोट खडकाकडे ढकलली जात असेल तर तोच नांगर पहिला लागतो. टणक कयाक न्यायचीच असेल तर पालथी ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. पट्टे रिबच्या तळातल्या किंवा मागच्या भिंतीतल्या पक्क्या कड्यांना बांधा. ट्यूबवर चिकटवलेली हात धरायची दोरी त्यासाठी नाही. झटका बसला की तिची पट्टी उखडते. रॅचेटचा, म्हणजे दांडा हलवून आवळायचा, पट्टा टाळा. त्यानं इतकं आवळलं जातं की उन्हात मऊ झालेलं प्लास्टिक दबून खळगा पडतो. साधा बकलचा पट्टा, एक पीळ देऊन, पुरेसा होतो. पीळ नसला तर वाऱ्यात तो थरथरून सैल होतो.

आता के२ फुगवायची कुठे आणि कधी. इथेच बहुतेकांची चूक होते. जेट्टीवर निवांत फुगवायची, रिबवर बांधायची आणि निघायचं, हे दिसायला सोयीचं आहे. तसं करू नये. फुगवलेल्या कयाकचा तळ दोन चौरस मीटरच्या घरात जातो. रिबचा वेग २० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आणि समोरून वारा १० नॉट धरला तर त्या तळावर, तो वाऱ्यासमोर उचलला गेला की, २५ ते ३० किलोचा रेटा येतो, आणि कयाकचं स्वतःचं वजन त्याच्या निम्मं. म्हणजे पट्ट्यातून नाळ थोडी सुटली तरी ती पतंगासारखी उभी राहते आणि मागे बसलेल्यांच्या तोंडावर येते. गठ्ठा गुंडाळलेलाच न्या. नांगर टाकल्यावर आडोशाला फुगवा.

दुसरं कारण उन्हाचं. बंद कप्प्यातली हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली, आणि मे महिन्यातल्या काळ्या रबराच्या डेकवर ती सहज जाते, तर एकूण दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा सुमारे एक बार धरून, सात टक्क्यांच्या आसपास वाढतो. रिबच्या ट्यूबमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा ०.२४ बार जास्त दाब असेल तर तो ०.३२ च्या आसपास पोचतो. ट्यूब हे सोसायलाच बनलेली असते. के२ सारख्या विनाइलच्या कयाकमध्ये दाब मुळात फार कमी. तो ०.०५ बार धरला तर हिशोबानं ०.१२ होतो, दुपटीहून जास्त. विनाइल थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी भरतो, पण ताणलेला भाग म्हणजे नेमकी जोडाची शिवण. उलट बाजूही लक्षात ठेवा: डेकवर टणटणीत झालेली कयाक २८ अंशांच्या पाण्यात टाकली की पाच-दहा मिनिटांत मऊ पडते आणि मधे माणूस बसला की वाकते. म्हणून डेकवर थोडी कमीच फुगवायची, पाण्यात सोडायची, दहा मिनिटं थांबून मग वरून हवा भरायची. गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर लावू नका. त्यात दाब जास्त आणि हवा थोडी, इथे हवं त्याच्या उलट. १२ व्होल्टवर चालणारा गादी फुगवायचा पंप बरोबर. तो रिबच्या बॅटरीवर लावताना इंजिन सुरू करण्यापुरती ताकद बॅटरीत शिल्लक राहील याची काळजी घ्या, आणि हातपंप घरी ठेवून येऊ नका.

मागची पाती डेकवरच बसवावी. कयाक पाण्यात गेल्यावर ती खालून बसवणं एकट्याला जमत नाही. मात्र ती बसवली की ट्यूबवरून सरकवताना अडकते आणि तिथेच मोडते. त्यावर उपाय म्हणजे ट्यूबवर जुनी योगाची चटई टाकायची, कयाक तिच्यावरून कुशीवर सरकवायची आणि अर्धी बाहेर गेल्यावर सरळ करायची. पाती वाळूवर आदळून वाकली असेल तर कयाक एका बाजूला ओढते. गरम पाण्यात धरून सरळ केल्यास बहुधा ठीक होते.

उतरवण्याची जागा वाऱ्यावर आणि प्रवाहावर ठरते. रिब नाळेकडून नांगरलेली असेल तर ती प्रवाहाला किंवा वाऱ्याला, ज्याचा जोर जास्त त्याला, तोंड देऊन उभी राहते. अशा वेळी कयाक मधल्या भागापासून थोडी मागे, आडोशाच्या बाजूला सोडावी, तिचं तोंड रिबच्या तोंडाच्याच दिशेला. कयाकच्या नाळेला चार-पाच मीटरची दोरी आधी बांधा, तिचं दुसरं टोक रिबच्या पुढच्या कड्याला, मग कयाक उचला. हा क्रम उलटा झाला की मोकळी कयाक वाऱ्याबरोबर जाते आणि माणूस पोहून तिच्या मागे. हा प्रसंग कोकणात सकाळी जास्त घडतो, कारण तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी आरशासारखं दिसतं आणि रिकामी कयाक शांतपणे बाहेर निघून जाते.

नांगर टाकता येत नसेल आणि रिब वाहती असेल तर ती वाऱ्याला आडवी होते. आडोशाच्या बाजूला पाणी शांत मिळतं खरं, पण रिब कयाकवर चालून येते आणि तिला ट्यूबखाली दाबते. बसताच पुढे ढकलून मोकळं व्हावं लागतं. नवख्यांसाठी हा प्रकार नकोच. आणि कुठल्याही पद्धतीत, माणूस रिबच्या कडेला असेल तोवर इंजिन न्यूट्रलवर नव्हे तर पूर्ण बंद, किल कॉर्ड (ओढली की इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी) काढलेली. यात तडजोड नाही. न्यूट्रलचा दांडा गुडघ्यानं ढकलला जातो.

बसताना ट्यूबवर बसून पाय कयाकच्या मधोमध, मग बूड सीटवर, छाती खाली. ट्यूब पाण्यापासून हातभर उंच, त्यामुळे उभं राहून पाऊल टाकण्याचा मोह होतो. तळ हवेचा, पाय एका बाजूला पडला की दुसरी बाजू वर येते. रिबवरच्यानं कयाकची कड दोन्ही हातांनी ट्यूबला दाबून धरावी. जड माणूस मागे. वल्ही आधी रिबवर, माणूस बसल्यावर हातात. १८० किलोच्या मर्यादेत पाण्याच्या बाटल्या, कॅमेरे, भिजलेले कपडे सगळं येतं. दोन माणसांचं मिळून १४० किलो झालं की तिथेच थांबावं.

लाइफ जॅकेटबद्दल एक गोष्ट रिबवाल्यांना पटकन सुचत नाही. रिबवर अनेक जण पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारं जॅकेट घालतात. कयाकवर ते नको. कयाकमध्ये पाणी येतंच, जॅकेट नको तेव्हा फुगतं आणि मग ट्यूबवर चढताना छातीशी फुगा आडवा येतो. फोमचं, कयाकसाठीचं जॅकेट प्रत्येकी एक वेगळं ठेवा.

परत येताना प्रवाहाच्या खालच्या बाजूनं, रिबच्या मागून वर या. इंजिन बंद आहे हे डोळ्यांनी बघून मगच जवळ. पहिल्यांदा दोरी हातात द्यायची, नंतर वल्ही, शेवटी माणूस. ट्यूबवर पोट टेकून पाय मारत आत घसरायचं; ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी मागच्या भिंतीशी शिडी. शिडी नसेल तर दोरीचा पाय ठेवायचा फास बांधून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही. पाणी भरलेली कयाक सरळ उचलू नका. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि या कयाकच्या पोटात शंभर लिटर सहज मावतं. नाळ ट्यूबवर टेकवा, कयाक पालथी करा, पाणी सांडू द्या, मग ओढा.

कयाक मागे बांधून ओढत नेता येईल का? येते, पण हळू. तीन मीटरच्या होडीचा पाण्यातला स्वाभाविक वेग चार नॉटच्या थोडा वर असतो. त्याहून जोरात ओढलं की नाळ उचलते, कयाक डावी-उजवी फिरायला लागते आणि पालथी होते. चार नॉटच्या आत, रिकामी, पाण्यावर तरंगणाऱ्या पॉलीप्रॉपिलिनच्या दोरीनं, आणि रिब मागे घेण्यापूर्वी दोरी हातात गोळा करून. बुडणारी दोरी पंख्यात जाते.

आता खाडीचं. के२ भरवशाची आहे ती इथेच. कंपनी स्वतः ती तळी आणि संथ नद्यांसाठीच देते. दोन माणसं तिला आरामात दोन नॉटच्या आसपास नेतात, जोर लावला तरी फार वाढत नाही. ओहोटीचा प्रवाह खाडीच्या मुखाशी याहून जास्त असतो. भरतीच्या साधारण सहा तासांत पहिल्या आणि शेवटच्या तासात प्रत्येकी पाण्याचा बारावा हिस्सा हलतो, मधल्या दोन तासांत अर्धा. म्हणून चढत्या पाण्यावर आत जा आणि पूर्ण भरतीच्या आसपास परत फिरा. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मोठ्या भरती-ओहोटीत) हे काटेकोर पाळा. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, लहान भरती-ओहोटीत) थोडी सवलत मिळते. उशीर झाला तर चिखलावर बसाल, आणि पायी बाहेर येता येत नाही. कर्लीसारख्या खाडीच्या मुखाशी, देवबागला, ओहोटी आणि समुद्राची लाट समोरासमोर भिडून पाणी उभं राहतं. तिथे के२ उतरवायची नाही. दुपारी खारा वारा वाढला की तिच्या उंच, हलक्या बाजू शिडासारखं काम करतात आणि वल्हवून वाऱ्यावर जाता येत नाही. उघड्या समुद्रासाठी, बेटाभोवती किंवा खडकाळ किनाऱ्यालगत फिरायचं असेल, तर वर वर्णन केलेल्या सगळ्या अडचणींसकट टणक कयाकच घ्यावी.

पंक्चरचं भय दोन गोष्टींचं. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी उभी असतात. भरतीत ती पाण्याखाली जातात आणि दिसत नाहीत, बसलेल्या माणसाच्या वजनानं तळ त्यावर घासतो. दुसरी कालवं, जेट्टीच्या खांबांना आणि खडकांना लागलेल्या त्यांच्या कडा विनाइल ब्लेडसारखं कापतात. तीन कप्पे वेगळे असल्यानं एक गेला तरी कयाक तरंगते, पण बाजूचा कप्पा गेला तर वल्हवता येत नाही; तेव्हा कडेला पालथं पडून हातानं रिबकडे यावं लागतं. म्हणून रिबपासून लांब जाताना हाक पोचेल इतकंच अंतर, किंवा पाण्यात न बिघडणाऱ्या पिशवीत फोन आणि गळ्यात शिट्टी.

ठिगळाबद्दल सावध राहा. रिबच्या ट्यूब हायपेलॉनच्या (एका कृत्रिम रबराच्या) असतील तर तिच्या दुरुस्तीच्या डब्यातला गोंद विनाइलवर नीट धरत नाही. के२ सोबत आलेलं ठिगळ आणि विनाइल-पीव्हीसीचा गोंद वेगळा ठेवा. जागा गोड्या पाण्यानं धुवून, पूर्ण कोरडी करून, हवा काढून लावायचं आणि दिवसभर तसंच ठेवायचं. रिबवर दहा मिनिटांत लावलेलं ठिगळ हवा भरताच उचलतं. परतल्यावर तळ आणि बाजूच्या कप्प्यामधल्या फटीत साचलेली वाळू गोड्या पाण्याच्या नळीनं काढा, तिथूनच घासून भोकं पडतात. सावलीत, थोडी फुगवलेली ठेवून वाळवा आणि मगच गुंडाळा.