घरच्या विंचला कोणत्या मापाच्या पुल्या? एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गोव्यात डिचोलीला आमच्या घरावर वरचा मजला चढवायचा होता आणि चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, वर न्यायला माणसे मिळेनात. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा. म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून विंच, म्हणजे मोटरने दोर गुंडाळून वजन वर ओढणारे यंत्र, बनवून घेतली. गेल्या पावसाळ्याआधी ती उभी राहिली, तिच्यावर अख्खे बांधकाम झाले, आणि आता नारळाची पोती, पाण्याची टाकी, काय लागेल ते ती वर नेते. इतके वापरल्यावर माझे मत पक्के झाले आहे: बेल्टच्या पुलीचा हिशेब सगळे करतात, वायर रोप (पोलादी तारांचा दोर) ज्या कप्पीवरून जातो तिचा कोणी करत नाही. आणि जिवाशी गाठ आहे ती त्या कप्पीची.

आधी बेल्टकडचे सांगतो. मोटर १ एचपी, १४४० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. मोटरवर ३ इंची पुली, गिअरबॉक्सवर १२ इंची, म्हणजे ३६० फेरे. पुढे तीस फेऱ्यांचा एक फेरा करणारा, १:३० चा वर्म गिअरबॉक्स, म्हणजे दोर ज्यावर गुंडाळतो त्या ड्रमला मिनिटाला १२ फेरे. ड्रम ६ इंची, एका फेऱ्यात साधारण अर्धा मीटर दोर गुंडाळतो. वेग मिनिटाला जवळपास ६ मीटर. सहा चिरे, म्हणजे २०० किलो, सव्वा मिनिटाच्या आत स्लॅबवर. गवंड्याला तेवढा वेळ चिरे उतरवून घ्यायला लागतोच, त्यामुळे याहून जास्त वेग मागण्यात अर्थ नाही. एवढ्या वजनाला, गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकद धरूनही, निम्मी मोटर लागते. उरलेली निम्मी व्होल्टेज पडले की कामी येते, आणि आमच्याकडे संध्याकाळी ते पडतेच. मोटरवर २ इंची पुली घालून वेग आणखी कमी करा असे सुचवणारे भेटतात. ते करू नका. ए सेक्शनच्या (ए मापाच्या व्ही) बेल्टला ३ इंचाखालची पुली झेपत नाही. तो तापतो, घसरतो, लवकर चिरतो.

आता कप्पी. वायर रोप कप्पीवर वाकतो तेव्हा प्रत्येक तार ताणली आणि दाबली जाते. कप्पी जितकी लहान, तितकी तार लवकर थकते. दोराच्या जाडीच्या निदान वीसपट कप्पी हवी. माझा दोर ६ मिमीचा, गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे किमान १२० मिमी. मी १५० घेतली. ड्रमलाही हाच नियम लागतो, हे विसरू नका. आजवर माझ्या दोराची एकही तार तुटलेली नाही. शेजारच्या वाड्यावर विहिरीची जुनी छोटी कप्पी ८ मिमीच्या दोराला लावली होती. काही आठवड्यांतच तुटलेल्या तारा काट्यांसारख्या बाहेर आल्या. तो दोर वेळीच काढला म्हणून बरे.

याहून वाईट प्रकारही पाहिला: बेल्टचीच व्ही खाच असलेली पुली दोरासाठी वर टांगलेली. व्ही खाचेत दोर दोन्ही बाजूंनी चेपतो. दोराची खाच तळाला गोल हवी आणि दोरापेक्षा किंचित रुंद. ६ मिमीला साधारण साडेसहा. फार रुंद खाचेतही दोर चपटा होतो. भंगारातून कप्पी घेताना दोराचा तुकडा खिशात ठेवा आणि खाचेत बसवून बघा. बुश (बेअरिंगऐवजी नुसती धातूची नळी) असलेली कप्पी घेऊ नका, सीलबंद बेअरिंगचीच घ्या. आमच्या पावसात उघडे बेअरिंग टिकत नाही.

वर कप्पी टांगताना आणखी एक हिशेब. दोराची एक बाजू वजन धरते, दुसरी विंचकडे खाली ओढते, म्हणून आडव्या बीमवर २०० नव्हे, ४०० किलो येतात. सुरू होतानाचा झटका वेगळाच. विंच बरोबर खाली जमिनीवर ठेवली तर कप्पीपर्यंतचे अंतर आपोआप मोठे मिळते. माझा ड्रम ३०० मिमी लांब आणि कप्पी सात मीटरवर, त्यामुळे दोर ड्रमच्या कडेला असला तरी कोन दीड अंशाच्या आत राहतो आणि फेरे एकाशेजारी एक नीट बसतात. दोर पूर्ण सोडला तरी ड्रमवर तीन फेरे उरलेच पाहिजेत.

ब्रेकचे तर हात जोडून सांगतो. वर्म गिअरबॉक्स उलटा फिरत नाही, या भरवशावर वजन टांगून ठेवू नका. हादऱ्याने तो सरकू शकतो. ब्रेक मोटरवरही नको. बेल्ट तुटला की मोटर आणि ब्रेक एका बाजूला, वजन दुसऱ्या बाजूला. मी तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर, म्हणजे १२ इंची पुली बसते त्या दांड्यावर, बेल्टच्या पलीकडे बसवून घेतला. तिथे ड्रमच्या मानाने पिळाचे बळ तीसपट कमी, त्यामुळे लहान ब्रेक पुरतो. या विंचवर माणूस चढवायचा नाही, आणि वजन वर असताना खाली कोणी उभे राहायचे नाही. आमच्या घरात हे लहान मुलांनाही पाठ आहे.

पावसाळ्यात बेल्टवर पत्र्याचे झाकण टाकले, दोराला महिन्याला ग्रीस दिले. खाऱ्या हवेने फ्रेमचे वेल्ड मात्र गंजले. रेड ऑक्साइडचे (गंज रोखणाऱ्या अस्तराचे) दोन हात आधीच द्यायला हवेत असे वेल्डिंगवाल्याला आता सांगून ठेवले आहे. वर्षातून चार-दोनदाच काही उचलायचे असेल तर बाजारातला तयार छोटा होइस्ट घ्या, स्वस्त पडेल. पण तो सलग चालवण्यासाठी केलेला नसतो. दिवसभर चिरे चढवायचे असतील तर अशीच बनवून घ्या, आणि पैसे वाचवायचे तर वरच्या शोभेच्या रंगात वाचवा, कप्पीत नको.