ऐरोलीचे फ्लेमिंगो: डार्कटेबल की रॉथेरपी?

ठाणे खाडीत बोटीतून काढलेल्या फ्लेमिंगोंच्या हजारभर रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातले प्रक्रिया न केलेले मूळ फोटो) आहेत आणि फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरचं दर महिन्याचं भाडं भरायचं नाही, मग निवड डार्कटेबल आणि रॉथेरपी याच दोघांत होते. दोन्ही मोफत, विंडोज आणि लिनक्सवर चालणारी.

शिकायला रॉथेरपी सोपं. फोल्डर उघडा, कामाला लागा. बदल फोटोशेजारच्या पीपी३ फाइलमध्ये राहतात. डार्कटेबल आधी फोटो स्वतःच्या डेटाबेसमध्ये आयात करतं. नंतर विंडोजमधून फोल्डर हलवलं, की फोटोंवर कवटीचं चिन्ह येतं, कारण डेटाबेसला जुनाच पत्ता ठाऊक असतो. म्हणून हलवाहलव डार्कटेबलमधूनच करा. फोटोशेजारची एक्सएमपी फाइल मात्र चुकूनही पुसू नका, डार्कटेबलमधले बदल तिच्यात असतात.

पिसांचा तपशील काढण्यात रॉथेरपी सरस. त्यातलं कॅप्चर शार्पनिंग (फोटो काढताना आलेली धूसरता कमी करणारी सोय) अप्रतिम आहे! फक्त आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२००च्या पुढे असेल तर त्या सोयीतली कॉन्ट्रास्टची मर्यादा वाढवा, नाहीतर नॉइजही (फोटोतला दाणेदारपणा) धारदार होतो.

निवडक भागावरच्या कामात डार्कटेबल पुढे. गुलाबी रंगावर पॅरामेट्रिक मास्क (रंग किंवा उजेडानुसार फोटोचा भाग निवडणारी सोय) लावला, त्याला हाताने काढलेल्या मास्कची जोड दिली, की चिखल तसाच ठेवून फक्त पक्षी उजळता येतो. यासाठी ८ जीबी रॅम असलेली बरी. ग्राफिक्स कार्ड नसेल तर मशीन रेंगाळतं.

जुना लॅपटॉप, मोजके फोटो, तपशिलाचा हट्ट: रॉथेरपी. हजारो फोटोंची छाननी, तारांकन आणि मास्किंग: डार्कटेबल. फोटोवर मजकूर किंवा कोलाज हवा असेल, तर त्यानंतर गिंप हे मोफत चित्र-संपादन सॉफ्टवेअर उघडा.