विंगसूट १४ महिने वापरून झाला: सगळं भारी, डाव्या पायाची चेन सोडून

काल कंपनीचा अकरावा मेल आला आणि त्यातही परत तेच, तुम्ही पहिले मालक नाही सबब वॉरंटी लागू नाही, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू. नाव देत नाही, ज्यांच्याकडे हा सूट आहे ते चेनचं ऐकून ओळखतीलच.

विंगसूट म्हणजे विमानातून उडी मारताना घालायचा, हातापायांमध्ये कापडी पंख असलेला सूट. माझा बिगिनर सूट आहे, स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते परत टाइप करत बसत नाही. मी मूळचा इचलकरंजीचा, नोकरी स्टुटगार्टला. २१० स्कायडाइव्ह झाल्यावर विंगसूटचा फर्स्ट फ्लाइट कोर्स केला (२०० च्या खाली मला कोणी सूटला हात लावू दिला नसता) आणि त्याच आठवड्यात ड्रॉपझोनवरच्या (जिथं उड्या मारतो तो तळ) एका पोराकडून हा ६५० युरोला उचलला, आपले साठेक हजार. नवा जवळपास दुपटीला जातो, त्यामुळे तेव्हा वाटलं जिंकलो. आजपर्यंत ९१ जंप झाले, म्हणजे जंपमागे सात युरो आणि वर चिल्लर. दर उडीला विमानाचं तिकीट वेगळं, त्याचा हिशोब बायकोला माहीत नाही आणि माहीत होऊही नये.

आधी चांगलं सांगतो नाहीतर म्हणाल नुसता रडतोय. १३,००० फुटांवरून साधी उडी मारली की मिनिटभरात खेळ खल्लास, ताशी २०० किलोमीटरच्या आसपास खाली येतो आपण. यात खाली पडायचा वेग माझ्या जीपीएसवर ७५-८० दाखवतो आणि पुढे मात्र आपण १५० च्या वर चाललेलो असतो, दोन मिनिटं आरामात मिळतात. हात आणि पायांमधल्या कापडाला पुढून तोंडं आहेत, त्यातून हवा शिरते आणि पंख गादीसारखे टम्म फुगतात. पहिल्यांदा ते फुगलेलं अंगाला जाणवलं ना, काय सांगू राव, इमारतीच्या कठड्यावर पोट टेकून वाकल्यासारखं, फक्त खाली इमारत नाही. हा सूट माफ पण फार करतो, मी पहिले वीस जंप गुडघे वाकवून उडत होतो तरी यानं कधी गरगरवलं नाही.

कापडाबद्दल आमच्या पप्पांचं सर्टिफिकेट आहे. दिवाळीला सूट घरी घेऊन गेलो होतो (का ते पुढे येतंय), त्यांची सगळी हयात लूमवर गेली, त्यांनी बाकी काही विचारलं नाही, पंखाचा कोपरा चिमटीत धरून चोळला, उजेडात धरून चौकड्या मोजल्या आणि मग ओठाला लावून जोरात फुंकर मारली. "वारा जाईना यातनं. चांगला माल हाय." त्याच्यावर माझं मत काय लिहायचं. वारा जाऊ नये म्हणूनच ते तसलं नायलॉन वापरतात, गेला तर पंख फुगणारच नाही.

आता चेन. मागच्या सप्टेंबरात स्पेनला एम्पुरियाब्रावाला आठवडाभर गेलो होतो, चौथ्या दिवशीची विमानाची दुसरी फेरी. ९,००० फुटांवर डाव्या पायाकडून फडफड सुरू झाली, आधी वाटलं वारा, मग पाय एकदम हलका लागला आणि मी आपोआप डावीकडे वळायला लागलो. खाली बघितलं तर रनर (चेनवर सरकतो तो तुकडा) आपल्या जागेवर वर घट्ट, आणि त्याच्या खाली गुडघ्यापासून नडगीपर्यंत चेन मधूनच फाकलेली! म्हणजे मी बंद करायला विसरलो असं पण नाही. शिकवलंय तसं दोन्ही पंख एकदम मिटले, पॅराशूट ७,००० लाच काढलं (एरवी मी ५,००० ला काढतो), दोऱ्यांना दोन पीळ पडले. गंमत म्हणजे सूटमध्ये पाय बांधल्यासारखे असतात त्यामुळे पीळ सोडवायला नीट लाथा मारता येत नाहीत, पण त्या दिवशी एक पाय मोकळा होता तर पीळ झटक्यात सुटले. चेननं केलेलं तेवढं एकच पुण्य.

यात एक गोष्ट नवीन पोरांसाठी, कारण मलाही उशिरा कळली. रिगमध्ये (पाठीवरच्या पॅराशूटच्या संचात) सायप्रेस नावाचं आपोआप चालणारं यंत्र आहे, आपण बेशुद्ध पडलो तरी रिझर्व्ह म्हणजे राखीव पॅराशूट उघडेल, हे विंगसूटमध्ये डोक्यातून काढून टाका. ते यंत्र साधारण २२५ मीटरवर बघतं की तुम्ही सेकंदाला ३५ मीटरच्या वर पडताय का, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर. पंख फुगलेले असताना आपण तेवढ्या वेगानं पडतच नाही, मग ते बिचारं गप्प बसणार. आणि दुसरं, सूट हार्नेसच्या वरून येतो, मांडीचे पट्टे आत झाकले जातात, ते न लावताच विमानात चढलेले लोक झालेत. मी आता सूटची चेन लावायच्या आधी दोन्ही पट्टे ओढून मोठ्यानं "डावा, उजवा" म्हणतो, जर्मन लोक बघतात, बघू देत.

तर कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं की सूट फॅक्टरीत पाठवा, पूर्ण चेन बदलू, १४० युरो, येण्याजाण्याचं कुरिअर तुमचं, सहा आठवडे. चेनला १४० युरो! आमच्याकडे त्यात दोन पाहुण्यांचे सूट शिवून होतात, अस्तरासकट. इथून पुढे माझी भाषा मेलगणिक बिघडत गेली ते कबूल आहे.

मग दिवाळीत सूट सामानात घातला आणि आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांकडे नेला. त्यांनी टेबलावर पसरून बघितला, "कुठल्या सर्कशीचा रं?" म्हणाले. मग चष्मा कपाळावर चढवला, चेनच्या दातांवरून नख फिरवत खालपासून वरपर्यंत गेले, दोनदा. "दात शाबूत हाईत की सगळं. रनर ढिला झालाय. आत माती गेल्ती काय?" आणि रनर उपडा करून माझ्या तळहातावर टकटक आपटला, तर त्यातून चार-पाच कण वाळू पडली. वाळू!

इथे मला माझं मत बदलावं लागलं. कारण ती वाळू कुठली हे मला त्या क्षणी आठवलं. एम्पुरियाब्रावाला पहिल्या दिवशी संध्याकाळी मी सूट घालून समुद्रावर गेलो होतो, डीपीसाठी, पंख पसरून वाळूत आडवा पडून फोटो काढला होता. फोटो चांगला आलाय. नंतर सूट न झटकता तसाच पिशवीत कोंबला आणि तीन दिवस तीच चेन पाय वाकवून, ताण असताना, खसाखसा ओढली. वाळूनं रनर आतून घासला गेला, रनर ढिला झाला की तो दात एकमेकांत नीट बसवत नाही, आणि मग चेन वरून बंद दिसते आणि मागून उसवत येते. कंपनीला मी जे जे लिहिलं त्यातलं निम्मं माझ्याच खात्यावर जातं. आई तर सरळ म्हणाली, "मेणबत्ती घासायची अक्कल नव्हती का? दप्तराच्या चेनला दर जूनला घासत होते मी." वर हेही ऐकवलं की पुण्याच्या त्या शीतल महाजननं २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून विमानातून उडी मारली, तिच्या लुगड्याला कुठं चेन होती.

काकांनी पकडीनं रनरच्या दोन्ही कडा हलक्या दाबल्या, मेण लावलं, वीस रुपये म्हणाले आणि पप्पांना बघून तेही घेतले नाहीत. मी इतका खूश की तिथूनच कंपनीला फोटो पाठवला.

जरा घाईच झाली. मार्चमध्ये सीझन सुरू झाला आणि नवव्या जंपनंतर जमिनीवरच चेन परत फाकली. दाबलेला रनर म्हणजे उधारी, कधीतरी वसुली येतेच. आमच्या ड्रॉपझोनच्या रिगरला (पॅराशूट तपासणारा, दुरुस्त करणारा माणूस) मोठ्या तोऱ्यात पकडीची गोष्ट सांगितली तर तो हसलाच नाही. म्हणाला, आधुनिक विंगसूट ज्यानं उभा केला तो पाट्रिक द गायार्दों १९९८ मध्ये हवाईत मेला तो सूटमुळे नाही, स्वतःच्या पॅराशूटच्या कंटेनरमध्ये स्वतः केलेल्या बदलातल्या चुकीमुळे मेला. आणि १९१२ मध्ये आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून स्वतः शिवलेला पॅराशूट-सूट घालून उडी मारलेला फ्रान्झ रायशेल्ट तर धंद्यानं टेलरच होता. मी म्हटलं अरे मी फक्त रनर दाबलाय. तो म्हणाला, सुरुवात तशीच होते. मग त्यानं नवा रनर बसवला, वरच्या टोकाला चार टाके मारले, १४ युरो. म्हणजे १४० च्या जागी १४, आणि तोही माणूस कॉफी पाजून.

जुलैत स्वित्झर्लंडला लाउटरब्रुनेनला गेलो होतो, फक्त बघायला. लोक विचारतात बेस (विमानातून नाही, कड्यावरून उडी) कधी करणार, कोकणकड्यावरून मारणार का. नाही मारणार. हिमालयात लोकांनी केलंय, २००६ मध्ये मेरू शिखरावरून ऑस्ट्रेलियन जोडप्यानं, २०१२ मध्ये शिवलिंग शिखरावरून वालेरी रोझोव्हनं, आणि तोच रोझोव्ह २०१७ मध्ये आमा दब्लम शिखरावर उडीत मेला. बेसच्या रिगमध्ये पॅराशूट एकच असतं, रिझर्व्ह नाही, सायप्रेस नाही. माझी चेन ९,००० फुटांवर फाकली तेव्हा माझ्याकडे विचार करायला वेळ आणि पाठीवर दुसरं पॅराशूट होतं, कड्यावर यातलं काहीच नाही. पण तिथली बेसवाली माणसं बेफिकीर असतील ही माझी समजूत साफ चुकली. उतरायची कुरणं शेतकऱ्यांची आहेत म्हणून लँडिंग कार्ड विकत घेतात, गवत वाढलेलं असेल तर त्यात पाय टाकत नाहीत, उतरल्यावर पॅराशूट गोळा करून आधी कडेला. म्युरेनच्या केबल कारमध्ये एका बाईंशी बोललो, चेनचा विषय मीच काढला अर्थात. त्यांनी पिशवीतून सूटचा पाय बाहेर ओढून दाखवला, रनरला जाड दोरीची गाठ मारलेली, आणि दर वेळी बंद केल्यावर त्या अंगठ्यानं पूर्ण चेन दाबत खालपर्यंत जातात. अगदी आमच्या टेलरकाकांसारखं.

मी तेच करतो आता. दोरी म्हणून जुन्या बुटाची नाडी लावलीये, कारण रनरची मूळची पट्टी शेंगदाण्याएवढी आहे, हातमोज्यात सापडतच नाही, आणि ही तक्रार मात्र मी मागे घेणार नाही. सुटा रनर विकायला पण कंपनी तयार नाही, पूर्ण चेनच घ्या म्हणते, हा शुद्ध धंदा झाला.

नव्या रनरवर ३८ जंप झाले, अजून काही नाही. सेकंडहँड घेत असाल तर पंख-बिंख नंतर बघा, आधी विकणाऱ्यासमोर पायात घालून, उकिडवं बसून, चेन पाच वेळा वरखाली करा आणि रनर उपडा करून आपटा. सूट विकणार का असं दोघांनी विचारलंय, नाही विकणार. गावाहून येताना १० नंबरचे तीन रनर जास्तीचे आणलेत, पंधरा रुपयाला एक, कोणाला लागला तर सांगा.