पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्वतःच्या मेल सर्व्हरवर पोस्टफिक्स मेल पाठवतं-घेतं, आणि डोव्हकॉट आलेले मेल वाचायला देतं. वाचण्याच्या बाजूला पाचपैकी पाच, पाठवण्याच्या बाजूला तीन. त्यातही दोष पोस्टफिक्सचा कमी, एसएमटीपीच्या (मेल पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) दुनियेचा जास्त.

वापर असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल युनिटचं ऑफिस, १४ मेलबॉक्स, भाड्याच्या व्हीपीएसवर (डेटा सेंटरमधल्या आभासी सर्व्हरवर) डेबियन लिनक्स. ऑफिसच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवायच्या फंदात पडू नका. लाइट जाते ते सोडा, अशा कनेक्शनवर बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा) बऱ्याचदा बंद असतो आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) आपल्या हातात नसतं.

‘मेल चालत नाही’ अशी तक्रार आली की आधी विचारायचं, जात नाही की येत नाही? पाठवताना आउटलुक पोर्ट ५८७ किंवा ४६५ वर पासवर्ड देऊन मेल पोस्टफिक्सच्या हवाली करतं. पोस्टफिक्स समोरच्या डोमेनचा एमएक्स (मेल घेणारा सर्व्हर) शोधून त्याच्या २५ वर धडकतं. वाचायचं काम वेगळंच: डोव्हकॉट, आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत), पोर्ट ९९३. त्यामुळे इनबॉक्स उघडतोय म्हणजे मेल जातही असेल, असं धरून चालू नका.

मेलमध्ये पत्ता दोन ठिकाणी असतो, तो घोळ बिल्टीवरून (ट्रान्सपोर्टच्या पावतीवरून) पटकन कळतो. ट्रान्सपोर्टवाला बिल्टी बघतो, गाठीतलं डिलिव्हरी चलन नाही. एसएमटीपीला ‘आरसीपीटी टू’मध्ये दिलेला पत्ता ही बिल्टी, मेलमध्ये दिसणारं ‘टू’ हे आतलं चलन. बीसीसी (इतरांना न दिसणारी प्रत) चालतो तो याच जोरावर.

खरी डोकेदुखी रांगेची. समोरच्याने ४५० सारखा ४ ने सुरू होणारा कोड दिला तर ‘नंतर या’. ५ ने सुरू झाला तर कायमचा नकार. पहिल्या प्रकारात पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवतं आणि ३०० ते ४००० सेकंदांच्या अंतराने पाच दिवस खेटे घालतं. मूळ सेटिंगमध्ये अधेमधे काहीच कळवत नाही. कोटेशन अडकलंय हे पाठवणाऱ्याला पाचव्या दिवशी बाउन्स (मेल पोचला नाही असा निरोप) आल्यावर समजतं! ‘डिले वॉर्निंग टाइम’ ४ तास करा. पुन्हा पाठवायच्या आधी ‘मेलक्यू’ कमांडने रांग बघा, नाहीतर पार्टीला तेच कोटेशन तीनदा पोचतं.

दुसरा अडथळा साइजचा. मूळ मर्यादा १०२४०००० बाइट. पण अटॅचमेंट बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांत बदलून) जाते आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फुगते, म्हणून ८ एमबीचा डिझाइनचा फोटोही परत येतो. मर्यादा वाढवली तरी समोरच्याची वेगळी असते. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या डीएनएस नोंदी) पहिल्या दिवशीच लावा. एसपीएफमध्ये डीएनएस लुकअप १० च्या वर गेले की सगळं रेकॉर्डच बाद.

डोव्हकॉटने एकदाच हिसका दाखवला. सेल्सचा एकच मेलबॉक्स तीन पीसींवर थंडरबर्डमध्ये होता. प्रत्येक पीसी पाचपर्यंत कनेक्शन उघडतो आणि ऑफिसचा बाहेरचा आयपी एकच. डोव्हकॉटची मूळ मर्यादा मात्र एका युजरला एका आयपीवरून १०. तिसरा पीसी लटकायचा, आणि पासवर्डवर संशय घेण्यात दिवस जायचा. मर्यादा ३० केली, प्रश्न मिटला.

पीओपी३ (मेल पीसीवर उतरवून घ्यायची पद्धत) बंदच ठेवा. अकाउंट्सच्या एखाद्या जुन्या पीसीवर ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ची टिक नसली की मेल तिकडे उतरून सर्व्हरवरून गायब होतात, बाकीचे शोधत बसतात.

लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवून कनेक्शन सुरक्षित करणारं) ९० दिवसांचं. डिस्कवर नवं आलं तरी डोव्हकॉट रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवत राहतं आणि मुदत संपताच सगळे फोन एकदम ओरडतात. सर्टबॉटच्या (सर्टिफिकेट नवं करणाऱ्या प्रोग्रामच्या) डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे नवं आल्यावर आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये, दोन्हींचं रीलोड टाकून ठेवा.